घराभोवतीचा उतार : वस्तीवरच्या पाण्याचा निचरा



गळीत हंगाम आटोपला. खोडव्याची पहिली कामे उरकली. रोहिणी नक्षत्र निघायला अजून थोडा अवकाश आहे. अशा मोकळ्या दिवसांत शेतकी खात्यातर्फे आम्ही माती परीक्षण, बेणे मळा, हिरवळीची खते यांबद्दल लिहीत असतो. या खेपेस विषय शेताचा नसून घराचा घेतला आहे. कारण उसाच्या नोंदी घेत वस्त्यावस्त्यांवर फिरताना एक गोष्ट आमच्या नेहमी दृष्टीस पडते. शेतात सरीला उतार हवा, पाणी तुंबता कामा नये, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्याच शेतकऱ्याच्या अंगणात मृगापासून दिवाळीपर्यंत चिखल असतो, गोठ्यात पाणी शिरते आणि घराच्या भिंतीला कमरेएवढी ओल चढलेली असते.

याला पुष्कळ सभासद "आमची जमीनच काळी, काय करणार?" असे म्हणून सोडून देतात. जमीन काळी आहे हे खरे. पण दोष बहुतेक ठिकाणी उताराचा असतो, आणि तो उन्हाळ्यात चार-सहा दिवसांच्या कामाने सुधारता येतो. हे काम कसे करावे ते या लेखात सांगावयाचे आहे.

अंगण खोलगट का होते?

घर बांधताना जोते जमिनीपासून दोन फूट वर घेतलेले असते. पंधरा-वीस वर्षांनी पाहावे तर ते फूटभरच उरलेले दिसते. जोते खाली गेलेले नसते. भोवतालची जमीन वर आलेली असते. रस्त्यावर दर दोन-चार वर्षांनी मुरूम-खडी पडते आणि रस्ता चढत जातो. पाटाचा गाळ काढून आपण काठावरच टाकतो. बांधाला दर वर्षी माती लावतो. उकिरडा वाढतो. उलट अंगण मात्र रोज झाडले जाते, सणासुदीला खरवडून सारवले जाते आणि त्याची माती कणाकणाने निघून जाते. कडा उंच आणि मध्य खोल अशी परात तयार होते. परातीत पाणी पडले तर ते जाणार कोठे?

त्यातून काळ्या जमिनीचा स्वभाव निराळा. उन्हाळ्यात ती आकसते व हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून थेट पायापर्यंत उतरते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर पडलेले पाणी खाली मुरायला फार वेळ लागतो. भिंतीच्या कडेची माती फुगलेली आणि घराच्या पोटाखालची कोरडी, अशी ओढाताण झाली की दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जाऊ लागतात. गवंडी आणून भेग बुजवली तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा उघडते, कारण मूळ दुखणे भिंतीत नसून बाहेरच्या पाण्यात असते.

जुन्या पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीचे तर विचारूच नका. तळ भिजला की अशी भिंत उभ्या उभ्या बसते. परतीच्या पावसात, हस्ताच्या झडीत गोठ्याच्या भिंती पडतात त्या बहुधा याच कारणाने. पाऊस वरून लागतो म्हणून नव्हे, तर पायथ्याशी चार महिने पाणी मुरत असते म्हणून. माणसाच्या व जनावराच्या जिवाशी गाठ असल्यामुळे हा विषय नुसत्या टापटिपीचा नाही.

आधी पाणी कोठून येते ते पाहा

कामाला हात घालण्यापूर्वी पाण्याची वाट शोधली पाहिजे. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे व्हायचे. वस्तीवर पाणी साधारणपणे चार वाटांनी येते.

(१) छपराचे पाणी. तीस फूट बाय चाळीस फूट घराचे छप्पर १,२०० चौरस फूट झाले. त्यावर एक इंच पाऊस पडला की १०० घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास पाणी होते. लिटरमध्ये सांगायचे तर २,८०० लिटर. हे सारे पाणी पागोळ्यांनी वळचणीला, म्हणजे नेमके पायाच्या कडेला पडते.

(२) रस्त्याचे व वरच्या शेताचे पाणी. रस्ता किंवा पाणंद घरापेक्षा उंच झाली असेल तर तिचे पाणी अंगणात उतरते.

(३) पाटाचे व उसाचे पाणी. पुष्कळ वस्त्यांवर ऊस अगदी भिंतीला भिडलेला असतो आणि दांड घरामागून गेलेला असतो. उसाला पाणी सोडले की घरालाही मिळते! ओल भर उन्हाळ्यातही हटत नसेल तर आधी या वाटेचा संशय घ्यावा.

(४) घरातले सांडपाणी. मोरी, न्हाणी, धुण्याचा दगड आणि गोठा यांचे पाणी थोडे थोडे पण बारमाही असते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे अक्षरशः खरी होते.

याबाबत कर्त्या पुरुषाला विचारण्यापेक्षा घरातल्या बायकांना विचारावे. रोज अंगण झाडणाऱ्या बाईला पाणी आधी कोठे साचते आणि शेवटी कोठे आटते हे पक्के माहीत असते.

आणखी एक परीक्षा सांगतो. उन्हाळ्यात घरापासून दहा-पंधरा फुटांवर चार फूट खोल खड्डा घ्यावा आणि दोन दिवस झाकून ठेवावा. पाऊस नसताना खड्ड्यात पाणी उतरले तर ते जमिनीच्या पोटातून, कालव्याच्या पाझराने किंवा भोवतालच्या भिजवणीने आलेले आहे. तेथे नुसत्या वरच्या उताराने भागणार नाही. पाणी येते त्या बाजूला खोल चर काढून ते अडवावे लागेल. खड्डा कोरडा राहिला तर पुढे सांगितलेला उपाय पुरेसा आहे. नदीच्या महापुराची गोष्ट वेगळी. २००५ आणि २०१९ साली कृष्णाकाठाने जे अनुभवले त्यावर अंगणाचा उतार हे उत्तर नव्हे.

पातळी कशी काढावी?

डोळ्याचा अंदाज येथे फसवतो. सपाट दिसणाऱ्या अंगणात तीन-चार इंचांचा उलटा उतार सहज असतो. शेतासाठी हल्ली लेझर लेव्हलर मिळतो; अंगणाला त्याची गरज नाही. गवंड्याकडची पारदर्शक नळी पुरे.

चाळीस-पन्नास फूट नळी पाण्याने भरावी, आत बुडबुडा राहू देऊ नये. फूट-इंचाच्या खुणा केलेल्या दोन सरळ काठ्यांना नळीची दोन टोके बांधावीत. एक काठी भिंतीलगत आणि दुसरी दहा फूट बाहेर उभी धरावी. नळीतले पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबते. मग प्रत्येक काठीवर जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची वाचावी. जेथे आकडा मोठा, ती जमीन खोल.

उदाहरण घेऊ. भिंतीजवळ आकडा आला ३ फूट ४ इंच आणि दहा फुटांवर आला ३ फूट १ इंच. म्हणजे बाहेरची जमीन भिंतीपेक्षा ३ इंच उंच आहे आणि पाणी घराकडे धावते आहे. आपल्याला ते सहा इंच बाहेर उतरवायचे आहे. तेव्हा एकूण ९ इंचांचा फरक पाडावा लागेल. तो भर घालून, बाहेर खोदून किंवा दोन्ही मिळून पाडता येतो.

घराच्या चारी कोपऱ्यांवर आणि प्रत्येक भिंतीच्या मध्यावर असे आकडे घ्यावेत व वहीत घराचा नकाशा काढून मांडावेत. पाणी शेवटी ज्या ओढ्यात किंवा चारीत सोडायचे तेथपर्यंतही पातळी घ्यावी. हे काम दोन माणसांचे व एका सकाळचे आहे.

उतार किती हवा?

मातीच्या किंवा मुरमाच्या अंगणाला भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार ठेवावा. शहाबादी फरशी किंवा कोबा असेल तर दहा फुटांस अडीच इंच चालतात. त्यापुढे चरापर्यंत दहा फुटांस दोन-अडीच इंच पुरे. चराच्या तळाला शंभर फुटांस सहा इंच ते एक फूट उतार असावा. फार कमी ठेवला तर गाळ बसतो, फार जास्त ठेवला तर चर कातरत जातो.

भर घालताना जोते बुजवू नये. काम पुरे झाल्यावर जोत्याचा निदान सहा इंच भाग उघडा दिसला पाहिजे. माती थेट भिंतीला टेकली की ओल वर चढते आणि वाळवीला रस्ता मिळतो. जोते आधीच बुटके असेल तर भर न घालता बाहेरची बाजू खोदून उतार काढावा. मात्र भिंतीलगत खोदू नये. जुन्या घराचा पाया किती उथळ आहे याचा भरवसा नसतो.

भर किती लागेल?

वर सांगितलेले तीस बाय चाळीसचे घर धरू. जमीन आज अगदी सपाट आहे आणि भिंतीशी सहा इंच ते दहा फुटांवर शून्य अशी भर घालायची आहे. घराचा घेर १४० फूट, पट्टा १० फूट, सरासरी जाडी ३ इंच म्हणजे पाव फूट. १४० × १० × ०.२५ = ३५० घनफूट. चार कोपऱ्यांचे आणखी सुमारे ६५ घनफूट. एकूण साधारण ४१५ घनफूट. ठोकल्यावर भर बसते म्हणून चौथाई जास्त धरली तर सव्वापाच ब्रास मुरूम लागेल. जमीन आधीच उलट उताराची असेल तर त्या मानाने वाढेल. हा हिशेब आधी केला म्हणजे ट्रॉल्या कमीही पडत नाहीत आणि वायाही जात नाहीत.

नुसता मुरूम टाकून का भागत नाही?

याबाबत आमच्या पाहणीतले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. एका सभासदांच्या वस्तीवर तीन वर्षे ओळीने मुरूम पडत होता. ते म्हणाले, "साहेब, मुरूम टाकून टाकून हात टेकले. वर पाणी दिसत नाही, पण पाय घोट्याएवढा रुततो." गोठ्याची मागची भिंत आदल्या पावसाळ्यात पडली होती. बाहेरच्या अंगाला पडली म्हणून दोन गाई वाचल्या.

अंगणात फूटभराचा खड्डा घेऊन पाहिले. वर नऊ इंच मुरूम, खाली काळी माती आणि मधल्या मुरमात पाणी भरलेले. खालची काळी माती खोलगटच राहिली होती. मुरूम पाणी पटकन आत घेतो आणि खालची काळी माती ते पुढे जाऊ देत नाही. म्हणजे परात तशीच, फक्त तीत मुरूम भरलेला! उलट हे लपलेले पाणी उघड्या पाण्यासारखे उन्हाने आटतही नाही.

तेथे वरचा मुरूम एका बाजूला ओढून घेतला, खालच्या काळ्या मातीलाच गोठ्यापासून बाहेर उतार दिला, मुरूम परत पसरून ठोकला आणि रस्त्याखालून सिमेंटचा पाईप घालून पाणी ओढ्याकडे काढले. नवा मुरूम दोनच ट्रॉल्या लागला. पुढच्या पावसाळ्यात झड थांबल्यावर अर्ध्या दिवसात अंगण चालण्याजोगे होऊ लागले. धडा एवढाच की उतार तळाच्या मातीला द्यावयाचा असतो. वरचा मुरूम हे पांघरूण आहे.

कामाचा क्रम

(१) प्रथम पाणी बाहेर जाण्याची वाट, म्हणजे चर पुरा करावा. तो खालच्या टोकाकडून वर खोदत यावा. तळ एक फूट, माथा तीन फूट आणि खोली एक फूट असा चर वस्तीला बहुधा पुरतो. शंभर फुटांत दोन ब्रास माती निघेल. ही काळी माती भिंतीलगत घालू नये. परसबागेला किंवा लांबच्या खड्ड्याला घालावी.

(२) अंगणातला जुना मुरूम व कचरा खरवडून तळाची माती उघडी करावी. दोरी-खुंट्या लावून तिला उतार द्यावा. भिंतीलगतच्या भेगा माती व पाणी घालून बुजवाव्यात.

(३) माती मिसळलेला बारीक मुरूम चार-चार इंचांच्या थरांनी पसरावा. प्रत्येक थराला पाणी शिंपून धुम्मसाने ठोकावा. ओलावा किती हवा? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण हाताला पाणी लागू नये. वाफसा ओळखणाऱ्या माणसाला हे शिकवायला नको.

(४) पुन्हा नळीने पातळी तपासावी. चार बादल्या पाणी भिंतीलगत ओतून ते कसे जाते ते डोळ्यांनी पाहावे.

(५) छपराला पन्हळ बसवावी आणि तिचे पाणी पाईपने दहा फुटांबाहेर सोडावे. पन्हळ जमत नसेल तर वळचणीखाली फरशीचा पट्टा तरी घालावा, म्हणजे पागोळ्यांनी खळगे पडणार नाहीत.

(६) चराच्या कडा धुपू नयेत म्हणून मारवेल गवताची ठोंबे लावावीत. कडाही टिकतात आणि जनावराला चाराही होतो. हरळी लावू नये. ती उसात शिरली म्हणजे निस्तरणे कठीण.

जेसीबी लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. यंत्र एका तासात काम करते आणि एका तासात बिघडवतेही. खुणेच्या खुंट्या आधी मारून द्याव्यात, भिंतीपासून पाच फुटांच्या आत यंत्र येऊ देऊ नये. तेवढा भाग फावड्यानेच करावा.

गोठा, मोरी व विहीर

गोठ्याच्या फरशीला चाळीस फुटांस एक फूट या प्रमाणात गव्हाणीकडून मागच्या गटारीकडे उतार असावा. फरशी ओली राहिली की खुरे कुजतात आणि दुभत्या जनावरास कासदाह होतो. गोमूत्र व धुण्याचे पाणी चरात न सोडता खताच्या खड्ड्याकडे न्यावे. ते फुकटचे खत आहे.

मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा घ्या असे सर्वत्र सांगितले जाते. मुरमाड जमिनीत तो उत्तम चालतो. खोल काळ्या जमिनीत तो लवकर तुंबतो आणि घराजवळ असेल तर पायालाच पाणी पाजतो. आपल्याकडे हे पाणी केळी, अळू, शेवगा अशा परसबागेत आळीपाळीने फिरवणे बरे. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार होते हे विसरू नये.

विहिरीच्या किंवा बोअरच्या भोवती सिमेंटचा कट्टा करून त्याचा उतार बाहेर ठेवावा. अंगणातले व गोठ्यातले पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळता कामा नये.

उसाची शेवटची सरी भिंतीपासून निदान दहा फूट दूर ठेवावी. घराजवळून जाणारा दांड हलवावा किंवा तेवढ्या भागात पाईप घालावा. घरालगतच्या पाच-सहा सऱ्यांना ठिबक केले तर आणखी चांगले. दहा फुटांत ऊस गेला तर किती जाईल आणि भिंत गेली तर किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पाणी शेजाऱ्याच्या बांधावर नको

आपले अंगण कोरडे करताना ते पाणी भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या उसात सोडले तर काम झाले नाही, भांडण मात्र झाले. वाटण्या झालेल्या वस्त्यांवर हा प्रश्न हमखास येतो. जुन्या काळी एकच घर आणि एकच निचरा होता; आता मधे बांध आले, प्रत्येकाने आपापला बांध उंच केला आणि सगळ्यांचेच पाणी अडले. अशा ठिकाणी सर्वांनी मिळून एकच सामाईक चर काढावा. खर्च वाटून घेतला तर प्रत्येकाला थोडा येतो.

शेतजमिनीवरून नैसर्गिकपणे वाहणारे पाणी कोणी बेकायदा अडवले व त्यामुळे नुकसान होत असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. ती सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. पण कचेरीची पायरी चढण्याआधी दोघांनी नळीची पातळी एकत्र बसून पाहावी असे आमचे सांगणे आहे. आकडा दोघांनाही सारखाच दिसतो आणि निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

कालव्याचे पाणी आपल्या भागांत आले तेव्हा ते आणण्याचा विचार झाला, पण ते बाहेर काढण्याचा पुरेसा झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याखाली पुढे काही दशकांतच पाणथळ व खारवट जमिनींचा प्रश्न उभा राहिला. घराच्या अंगणात तेच लहान प्रमाणावर घडते. नळ आला, बोअर आले, फरशा आल्या. पाणी बाहेर नेणारा चर मात्र कोणी काढला नाही.

तेव्हा रोहिणीपूर्वी एवढे अवश्य करावे : पाण्याच्या वाटा शोधाव्यात, नळीने पातळी घ्यावी, आधी चर काढावा, तळाच्या मातीला दहा फुटांत सहा इंच उतार द्यावा, मग मुरूम ठोकावा आणि जोते सहा इंच उघडे ठेवावे. पहिल्या मोठ्या पावसात घोंगडे किंवा छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. राहिलेला खळगा तेव्हाच दिसतो. दर दिवाळीला चराचा गाळ काढावा.

पातळी घेण्यास कोणाला मदत हवी असल्यास आपल्या गटाच्या चिटबॉयकडे निरोप द्यावा. शेतकी खात्याचा माणूस नळी घेऊन येईल. मुरूम-मजुरीचा खर्च मात्र ज्याचा त्याने करावयाचा आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते